सफारीतील जन्म-मृत्यूची नोंदवही

(पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आपल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची नोंदवही असते. तशीच एक नोंदवही प्राण्यांच्या सफारी उद्यानातही असते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. वर्षारंभीची शिल्लक, वर्षभरातील जन्म, बाहेरून झालेली आवक, मृत्यू, अन्यत्र पाठविलेले प्राणी आणि वर्षअखेरची शिल्लक, असे तिचे रकाने असतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये दुरुस्ती होऊन १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि या नोंदींना शिस्त आली. वृत्तपत्रांत आपण ‘सिंहाची जोडी दाखल’, ‘वाघ दगावले’ अशा बातम्या वाचतो. त्या बातम्यांचे मर्म या रकान्यांतून उमगते. म्हणून आज मी आपल्यापुढे हे रकाने एकेक करून उघडणार आहे.

पहिला रकाना जन्माचा. पिल्ले जन्मली की प्रेक्षकांना आनंद होतो. परंतु संख्या वाढली म्हणजे उद्यानाची भरभराट झाली, असे नव्हे. पंजाबातील छतबीर येथील प्राणिसंग्रहालय १९७७ साली सुरू झाले. तेथील सिंह पाहता पाहता वाढले. पुढे ध्यानात आले की, त्यांच्यात सर्कशींतून आलेल्या आफ्रिकी सिंहांचे रक्त आशियाई सिंहांच्या रक्तात मिसळले आहे. ही मिश्र संतती रोगांपुढे दुबळी ठरू लागली. अखेर २००० सालच्या सुमारास तेथील पैदास थांबविण्यात आली, नरांवर शस्त्रक्रिया करण्यात आल्या आणि उरलेल्या सिंहांना नैसर्गिक मृत्यूपर्यंत सांभाळण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. जन्म झाले होते. कुळाची खातरजमा मात्र वेळीच झाली नव्हती. आशियाई सिंह मोकळ्या रानात आज केवळ गुजरातेत, गीर आणि त्याभोवतीच्या सौराष्ट्रात उरला आहे. २०२५ च्या गणनेत त्याची संख्या ८९१ भरली. अशा प्राण्याच्या बाबतीत वंशाची शुद्धता ही हौसेची गोष्ट राहत नाही.

दुसरा रकाना देवघेवीचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जुनागडच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयातून मानस व मानसी ही सिंहांची जोडी आली आणि त्या बदल्यात बजरंग व दुर्गा ही वाघांची जोडी तिकडे गेली. वरवर पाहता ही साधी अदलाबदल वाटते. परंतु शेतकरी आपल्या गावात काही वर्षांनी वळू का बदलतो, हे आपण जाणता. कुंपणाआड थोडेच प्राणी असले म्हणजे दोन-तीन पिढ्यांत जवळच्या नात्यातच संकर होऊ लागतो आणि वंश खंगतो. तो टाळावयाचा तर प्रत्येक प्राण्याचे आई-बाप, जन्मतिथी आणि ओळखीची खूण यांची नोंद चोख असावयास हवी. नोंद नसेल, तर नवा प्राणी आणूनही उपयोग नाही.

तिसरा रकाना मला अधिक अस्वस्थ करतो. तो आहे रानातून आलेल्या प्राण्यांचा. २०१८ साली चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी परिसरात मनुष्यहानीनंतर एक वाघ पकडण्यात आला. त्याला नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात ठेवण्यात आले आणि डिसेंबर २०१९ मध्ये प्रजननासाठी बोरिवलीस हलविण्यात आले. तेथे तो ‘सुलतान’ या नावाने ओळखला जाऊ लागला. मुंबईचे प्रेक्षक त्याला कौतुकाने पाहत; परंतु त्याच्या कथेचा आरंभ विदर्भातील एखाद्या शेताच्या बांधावर, शोकाकुल घरांच्या दाराशी झाला होता. गोरेवाड्यात २६ जानेवारी २०२१ रोजी बाळासाहेब ठाकरे आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यानाची सफारी सुरू झाली, त्याआधीपासून तेथील बचाव केंद्र असे प्राणी सांभाळीत आले आहे. तेथे वाघ येतो, तेव्हा रानाने एक वाघ आणि बहुधा गावाने एक माणूस गमावलेला असतो.

आता चौथा रकाना, मृत्यूचा. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. मानव-वन्यजीव संघर्षानंतर ते चंद्रपूर भागातून तेथे आणलेले होते. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने जानेवारी २०२५ च्या प्रारंभी निदान दिले, ‘एच५एन१’, म्हणजे बर्ड फ्ल्यू. पक्ष्यांचा रोग वाघाला कसा होतो, असे आपण विचाराल. बाधित पक्षी खाण्यात आला म्हणजे तो मार्जारकुळातील प्राण्यांना होऊ शकतो. २००४ साली थायलंडमधील एका व्याघ्र उद्यानात कोंबड्यांच्या मांसातून हाच रोग शिरला आणि ४४१ वाघांपैकी १४७ वाघ मेले किंवा त्यांना मारावे लागले.

मित्रहो, येथे रखवालदाराचे महत्त्व कळते. सायंकाळी प्राणी रात्रनिवासात आले की त्यांना तेथे आहार दिला जातो. सकाळी मांस शिल्लक दिसले, चाल मंदावलेली दिसली, तर पहिली चाहूल त्यालाच लागते. त्याने ती त्याच दिवशी लिहिली, तरच पशुवैद्याला वेळ मिळतो. प्रत्येक मृत्यूनंतर शवविच्छेदन होते ते कागद पूर्ण करण्यासाठी नव्हे, तर मागे उरलेल्यांना वाचविण्यासाठी.

सफारीच्या या वहीचे कित्येक रकाने गावातच भरले जातात, हे मला आज सांगावयाचे आहे. गावात कोंबड्या अचानक मरू लागल्या, तर त्या ओढ्यात वा उकिरड्यावर न फेकता पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. मेलेली जनावरे गावाजवळ उघडी टाकू नयेत. त्या वासावर बिबट्या येतो. शेतात वाघ दिसला, तर गर्दी जमवू नये; वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. गर्दीने बिथरलेला प्राणी माणसावर उलटतो आणि मग त्याच्यासाठी पिंजऱ्याखेरीज वाट उरत नाही.

शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. विद्यार्थ्यांना सफारी दाखविण्यास अवश्य न्या. पण ‘किती वाघ पाहिले?’ एवढेच त्यांना विचारू नका. ‘हा वाघ येथे का आला?’ हा प्रश्न त्यांच्या मनात रुजवा. ज्या वर्षी रानातून आलेल्यांचा तो रकाना कोरा राहील, ते वर्ष सफारीसाठी, रानासाठी आणि आपल्या गावांसाठीही चांगले गेले, असे आपण समजू.