सशाची पारध

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द असल्यामुळे थोडा घोटाळा होतो. मुले पिंजऱ्यात पाळतात तो पांढरा ससा आणि माळरानावर माणसाच्या पायापासून दोन हातांवरून अवचित उसळी मारून जाणारा रानससा, हे दोन निराळे प्राणी आहेत. पाळीव ससा मूळचा युरोपातला. तो बीळ करून राहतो, आणि त्याची पिले उघडी व आंधळी जन्मतात. आपला रानससा बीळ करीत नाही. गवताच्या झुबक्याखाली अंगाच्या मापाची उथळ बैठक करून तो दिवसभर तीत निपचित पडून राहतो; रात्री चरतो. त्याची पिले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. दडून बसण्यावर त्याचा इतका भरवसा असतो की, माणूस अगदी अंगावर येईपर्यंत तो हलत नाही. त्याचे प्राण बहुधा या गुणामुळे वाचतात, आणि पारध्याच्या हाती सापडतो तोही याच गुणामुळे.

भोपाळच्या भोवतालचा मुलूख अशा प्राण्याला मोठा सोयीचा. एकीकडे माळव्याची काळी जमीन, दुसरीकडे विंध्याच्या वाळुकाश्माच्या टेकड्या, आणि मध्ये पळसाबोरींच्या झुडपांनी भरलेले गवताळ माळ. या प्रदेशात शिकार किती जुनी आहे, हे सांगायला भीमबेटका पुरेसे आहे. भोपाळहून सुमारे ४५ किलोमीटरांवरच्या या शैलाश्रयांचा शोध विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली लावला. तेथील भिंतींवर धनुष्ये व भाले घेतलेली माणसे जनावरांच्या पाठी लागलेली दिसतात. धर्मशास्त्रकारांनीही सशाला वगळले नाही: पाच नखांच्या ज्या मोजक्या प्राण्यांचे मांस मनुस्मृतीने भक्ष्य ठरविले, त्यांत साळ, घोरपड व कासव यांच्या पंक्तीला ससाही बसला आहे.

तथापि ज्यांची सारी गुजराणच शिकारीवर चाले, ते लोक म्हणजे पारधी. रसेल व हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवर लिहिलेल्या १९१६ च्या ग्रंथात त्यांच्या पोटभेदांची यादी दिली आहे, आणि ती वाचताना एखाद्या व्यवसायकोशाची पाने चाळल्यासारखे वाटते. फास लावणारे फासेपारधी, चित्ता पाळून हरणे धरणारे चितापारधी, बैलाच्या आडोशाने सावजाजवळ जाणारे गायके, जात्यांना टाकी लावीत गावोगाव फिरणारे टाकणकार. महाराष्ट्रात हेच लोक तुळजापूर-सोलापुराकडे आढळतात, आणि भोपाळ, सीहोर, रायसेन या भागांतही. त्यांची घरची बोली गुजरातीला जवळची. बाहेर मात्र ते त्या त्या मुलुखाची भाषा सफाईने बोलतात.

सशाची पारध हे एकट्याचे काम नव्हे. ते कुटुंबाचे काम. सशाच्या येण्याजाण्याच्या वाटा ठरलेल्या असतात. गवतात त्या बोटभर रुंदीच्या रेघांसारख्या दिसतात, आणि त्या ओळखणे हीच खरी विद्या. अशा वाटांवर फासांची ओळ खुंट्यांनी रोवायची किंवा वाघूर, म्हणजे शिकारीचे जाळे, उभे करायचे. (संस्कृतातील ‘वागुरा’ मराठी खेड्यांत ‘वाघूर’ होऊन टिकून राहिली, ती अशाच लोकांमुळे.) जाळ्याशी जाणती माणसे दबा धरून बसतात. बायकामुले दुरून अर्धवर्तुळ करून झुडपे बडवीत, हाकारे घालीत पुढे सरकतात. त्यात घाई करून चालत नाही. फार आरडाओरडा झाला तर ससा बिथरून भलतीकडे सुटतो, आणि फार शांतता राहिली तर उठतच नाही. आवाज किती ठेवायचा हे आठ-नऊ वर्षांचे पोर आईच्या बाजूने चालता चालता शिकते. त्याची शाळा तीच. मध्य भारताच्या रानांत आणखी एक रीत होती: रात्री एकाने विस्तवाचे मडके काठीला अडकवून चालायचे, दुसऱ्याने घंटा वाजवायची, आणि उजेडाने व नादाने भांबावलेल्या सशावर तिसऱ्याने लांब काठी टाकायची.

या लोकांना निर्दय ठरविण्याची घाई पुष्कळांना होते. माधव गाडगीळ व कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातील भटक्यांचा अभ्यास केला, तेव्हा वेगळेच दिसून आले. फासेपारध्यांनी हरणे व पाखरे धरायची, वैदूंनी मुंगूस-उदमांजरासारखे लहान प्राणी पकडायचे, नंदीवाल्यांनी कुत्र्यांच्या साहाय्याने साळ, घोरपड व डुक्कर मारायचे, अशी वाटणी या जमातींत होती. फासात गाभण मादी किंवा पाडस सापडले, तर पारधी ते सोडून देत. हा नियम कोणत्या सरकारने घालून दिलेला नव्हता.

आता चुलीकडे वळू. रानसशाचे मांस गडद लाल, तंतुमय आणि जवळजवळ बिनचरबीचे असते. आयुर्वेदानेही ते हलके व रूक्ष म्हटले आहे. नुसते असेच कोरडे मांस खाऊन राहिलेला माणूस पोटभर जेवूनही खंगत जातो, हे उत्तर ध्रुवाकडच्या प्रवाशांनी अनुभवले आहे. इंग्रजीत त्या अवस्थेला ‘सशाची उपासमार’ असेच नाव पडले. म्हणून ससा शिजवणाऱ्याला दोन गोष्टी पाळाव्या लागतात: वरून स्नेह घालायचा, आणि मंद आचेवर वेळ द्यायचा. पालापुढच्या तीन दगडांच्या चुलीवर तेल, लसूण, तिखट व मीठ एवढ्यावरच ते भागते, सोबत भाकरी. एका सशाचे मांस ते किती! दीडदोन किलोंच्या जनावरात आठदहा तोंडे जेवायची म्हटल्यावर रस्सा वाढवावाच लागतो, आणि भाकरी त्यात कुस्करली जाते.

राजेरजवाड्यांच्या शिकारीत हाच ससा निराळ्या थाटाने येई. राजस्थानच्या वाळवंटी मुलुखात ‘खड खरगोश’ म्हणून एक प्रकार आहे. मसाला लावलेला ससा पोळ्यांत गुंडाळायचा, वरून ओले फडके व मातीचा लेप द्यायचा, आणि निखाऱ्यांच्या खड्ड्यात तासन् तास पुरून ठेवायचा. वाळवंटात जळण थोडे आणि खड्डा फुकट, हे लक्षात घेतले म्हणजे या रीतीमागचा शहाणपणा कळतो. भोपाळचे शेवटचे सत्ताधारी नवाब हमीदुल्लाखान यांनाही शिकारीचा मोठा षोक होता. मात्र नवाबाची शिकार ही ‘शिकार’ आणि पारध्याची शिकार ही ‘चोरी’, हा भेद संस्थाने विलीन होण्याच्या पुष्कळ आधीच रुजला होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच अपराध ठरविले, आणि पारधी त्या कायद्याच्या कचाट्यात सापडले. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी मात्र त्यांना बोलावून चाकरीत घेतले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पोलिसांच्या मनातली यादी रद्द झाली नाही.

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात ससा लहान शिकारीच्या प्राण्यांत धरला होता आणि परवान्याने शिकारीची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही संपली. आज रानससा मारणे हा तुरुंगवासास पात्र असा गुन्हा आहे, आणि तो तसा असावा याबद्दल वाद करण्याचे कारण नाही. माळ नांगराखाली गेले, उरलेल्यांना सरकारी दप्तरात ‘पडीक’ हे नाव मिळाले, आणि तेथे वसाहती उठल्या. एवढ्या आक्रसलेल्या रानावर शिकारीचा भार घालता येणार नाही. पण बंदुकीवाल्यांच्या हौसेवर आलेली बंदी आणि पारध्यांच्या अन्नावर आलेली बंदी एकाच कलमाने आली, आणि दुसऱ्यांना त्या बदल्यात काय द्यायचे, याचे कलम कोणी लिहिले नाही.

भोपाळच्या वस्त्यांतून आज पारधी कुटुंबे भंगार व कचरा वेचून पोट भरतात. २००७ च्या सप्टेंबरात बैतूल जिल्ह्यातील मुलताईजवळच्या चौथिया गावी त्यांची वस्ती जाळण्यात आली, तेव्हा तेथील पुष्कळ कुटुंबे याच शहरात आली. पन्नाच्या जंगलात काही पारधी तरुण आता प्रवाशांना पाऊलखुणा वाचून दाखवतात आणि पाखरांचे आवाज हुबेहूब काढतात. भोपाळात मात्र बाया व पोरे पहाटेच्या अंधारातच पोती घेऊन निघतात, रस्त्याच्या दोन कडा वाटून घेतात आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एकमेकांना भेटतात.