बाळाचं पर्सेंटाइल

आज बाळाच्या वजनाबद्दल बोलायचंय, म्हणजे खरं तर एका शब्दाबद्दल. पर्सेंटाइल. आपल्या पिढीला हा शब्द कुठे भेटला? सीईटीच्या नाहीतर जेईईच्या निकालात. तिथे ९९ आले की पेढे, ६० आले की घरात शांतता. मग दहा वर्षांनी मोबाइलमधलं ॲप सांगतं, तुमचं बाळ १५व्या पर्सेंटाइलला आहे. पोटात गोळा येणारच ना!

आमची मुलगी जन्मली तेव्हा २.८ किलो होती. चौथ्या दिवशी २.६ झाली. यात घाबरण्यासारखं काही नसतं. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन सात टक्क्यांपर्यंत, क्वचित दहापर्यंत उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं. हिचं त्याआधीच भरलं. दीड महिन्याच्या लसीला ४ किलो. ॲपमध्ये आकडा टाकला, उत्तर आलं १५.

बायको तेव्हा माहेरी, साताऱ्याला होती. मी पुण्यात, शनिवार-रविवारी जाऊन-येऊन. बाळ बघायला येणाऱ्या बायकांचं एक ठरलेलं वाक्य असतं, "हिला दूध पुरत नाही वाटतं." कुणी वाईट मनाने बोलत नाही हो. पण आपल्याकडे चांगलं बाळ म्हणजे गुटगुटीत बाळ. सुदृढ बालक स्पर्धेतला फोटो आठवा, मनगटाला वळ्या पाहिजेत! सासूबाई अळिवाची खीर, डिंकाचे लाडू करतच होत्या. मग एक दिवस वरच्या दुधाचा डबाही आणून ठेवला. आणि रात्री दोन वाजता बायकोचा फोन, "माझंच कमी पडतंय का रे?"

आता हा १५ येतो कुठून ते बघू. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वाढीचे तक्ते काढले. त्यासाठी सहा देशांतली मुलं मोजली: ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान, अमेरिका. भारतातली मुलं दिल्लीची होती. मुद्दाम अशी घरं निवडली जिथे बाळाला आईचं दूध मिळतं, आई सिगारेट ओढत नाही, खाण्यापिण्याची ददात नाही. म्हणजे तक्त्यातली मुलं मुळातच सुदृढ. त्या रांगेत आपल्या मुलीच्या वयाच्या शंभर मुली उभ्या केल्या तर साधारण १५ तिच्यापेक्षा हलक्या, ८५ जड. एवढाच त्याचा अर्थ. पन्नासच्या खाली नापास असं काही नाही. कुणीतरी पंधरावी असणारच, नाहीतर रांग कसली?

सरकारी माता-बाल संरक्षण कार्डावरही हाच तक्ता रंगांच्या पट्ट्यांत असतो. हिरव्याच्या खाली पिवळा पट्टा सुरू होतो तो साधारण ३च्या खाली. पंधरा चांगला हिरव्यात.

डॉक्टर एक ठिपका बघतच नाहीत, ते रेघ बघतात. १५वर जन्मलेलं बाळ १५च्या आसपास चाललंय, छान. ८५वरचं बाळ दोन रेघा ओलांडून खाली आलं, तर मात्र ते गुटगुटीत दिसत असलं तरी तपासतात. मी दिवसभर ऑफिसात ग्राफच बघतो, त्यामुळे हे मला लगेच पटलं. सासूबाईंना पटायला वेळ लागला.

आणि रोज वजन करू नका, प्लीज. दूध पिण्याआधी आणि प्यायल्यावर वजनात पन्नास-शंभर ग्रॅमचा फरक सहज पडतो. ओला लंगोट, दुसरा काटा, अंगात झबलं... काट्याच्या चुकीवर रडण्यात अर्थ नाही. ६, १०, १४ आठवड्यांच्या लसींना वजन होतंच, तेच ठिपके पुरेत. एकच काटा, उघडं बाळ.

डब्याचं काय झालं? आमच्या बालरोगतज्ज्ञांनी बायकोला दोनच प्रश्न विचारले. दिवसाला लंगोट किती ओले होतात? आणि पिऊन झाल्यावर बाळ शांत होतं का? पाचव्या दिवसानंतर सहा किंवा जास्त ओले होत असतील तर दूध पोटात जातंय. मग त्यांनी दुधाचं गणित सांगितलं. बाळ जेवढं ओढतं, तेवढं बनतं. वरचं दूध दिलं की बाळ अंगावर कमी पितं, कमी पितं म्हणून कमी बनतं, आणि "पुरत नाही" हे वाक्य खरं होऊन बसतं. काही बाळांना वरचं दूध खरंच लागतं. ते डॉक्टर सांगतात आणि त्यात आईचा कमीपणा काही नाही. पण ते शेजारणीने ठरवायचं नसतं. आमचा डबा सीलबंदच राहिला.

अडीच महिन्यांना ४.७, साडेतीन महिन्यांना ५.२. रेघ तीच. मधल्या काळात ती हसायला लागली, पंख्याकडे बघत बसायला लागली, मान धरायला लागली. यातलं ॲपने काही विचारलं नव्हतं, डॉक्टरांनी सगळं विचारलं.

एक मात्र लक्षात ठेवा. दोन आठवडे होऊनही जन्माचं वजन भरलं नाही, लंगोट कमी ओले होतायत, बाळ मलूल आहे, प्यायला उठतच नाही, तर पुढच्या लसीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी दाखवायचं. रात्र असली तरी.