मनाचा आजार आणि हातांतील यंत्र

आपल्या रायगड जिल्ह्यांत कर्जत येथें श्रद्धा पुनर्वसन संस्थेचें केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना स्वगृहीं पोंचविण्याच्या कार्याबद्दल तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ सालीं मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु रुग्ण घरीं पोंचला म्हणजे काम संपलें काय? नाहीं. स्किझोफ्रेनियासारख्या दुखण्यांत बरें वाटूं लागतांच पुष्कळदां औषध सुटतें, आणि औषध सुटलें कीं आजार पुन्हां डोकें वर काढतो. श्रीवर्धन-मुरूडच्या किनाऱ्यावरील वाडींतून वरचेवर तज्ज्ञाकडे जाणें म्हणजे मजुरी बुडविणें आणि एस.टी.चें भाडें भरणें.

येथें स्मार्टफोन उपयोगीं पडतो. गोळीच्या वेळेची तो आठवण देतो. झोपेची नोंद ठेवतो. झोप मोडणें ही दुखणें उलटण्याची पूर्वसूचना असूं शकते. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून मराठींतही विनामूल्य सल्ला मिळतो, २०२४ सालीं त्याचें ॲपही निघालें.

मात्र एक पथ्य पाळावें. ‘माझ्यावर कुणी पाळत ठेवीत आहे’ ही शंका हेंच ज्याच्या आजाराचें लक्षण, त्याच्या फोनांत गुपचूप ॲप घालणें म्हणजे ती शंका खरी करणें होय. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क रुग्णास दिलेला आहे. म्हणून त्याला विचारून, त्याच्यादेखत, त्याच्याच हातानें तें सुरू करवावें. आणि गोळीची घंटा वाजली कीं पाण्याचा पेला घरच्या माणसानें पुढें करावा.