वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी



संसार मोडण्याची वेळ आली,
आणि लेकराचा ताबा कोणाकडे राहणार या चिंतेने जीव व्याकूळ झाला,
की माणूस पहिल्या भेटलेल्या वकिलाच्या वकीलपत्रावर सही करून मोकळा होतो.
ती सही जरा थांबून करावी.

१९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यानुसार वकील देणे हा पक्षकाराचा आपोआप मिळणारा हक्क नाही;
न्यायालयाची अनुमती लागते.
ती बहुधा मिळते;
परंतु न्यायालयाच्या समुपदेशकासमोर आपले आपल्यालाच बोलावे लागते.
म्हणून प्रकरण समजावून सांगणारा वकील हवा.

वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयाच्या व्हरांड्यात मी एक आई पाहिली.
तिच्या मांडीवरच्या पिशवीत मुलाचे लसीकरणाचे कार्ड होते, प्रगतिपुस्तक होते.
वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत, नवऱ्याच्या अपराधांची यादी बाजूस ठेवून, हे कागद मागितले होते.
मला ती निवड फार योग्य वाटली.

कारण हिंदू कायद्यात पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहत असले,
तरी न्यायालय सर्वांत आधी पाहते ते मुलाचे हित.
पुन्हा सांगतो, मुलाचे हित.

फी, तारखांना स्वतः हजर राहणे, तडजोडीची तयारी,
हे सारे सहीपूर्वीच स्पष्ट विचारावे.

आणि भगिनींनो, आपले उत्पन्न कितीही असो,
जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून आपल्याला विनामूल्य वकील मिळू शकतो.
त्यासाठी प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज द्यावा.