डोंगराने राखलेली पुस्तके

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही सूतगिरणीतले कामगार. शाळा सातवीत सुटली, पुढचे शिक्षण याच विहाराच्या वाचनालयात झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका. जे पाहिले तेवढे सांगतो.

चार वर्षे भिशी लावून आम्ही सहा जण २०२३ च्या नोव्हेंबरात दक्षिण कोरियाला जाऊन आलो. तिथे जोंगउप नावाच्या गावाजवळ नेजांगसान हा डोंगर आहे. १९७१ पासून तो राष्ट्रीय उद्यान आहे. आपल्याकडे पळस फाल्गुनात पेटतो, तिथे कार्तिकातच सगळा डोंगर लाल होतो. ती मेपलची झाडे. पान केवढे, तर तान्ह्या बाळाच्या पंजाएवढे! पहिल्या कमानीपासून विहारापर्यंत दोन्ही बाजूंनी अशी १०८ झाडे आहेत. कोरियातली म्हातारी-कोतारी, शाळेची पोरे, सगळी तिथे लोटतात. आम्हीही फोटो काढले, खोटे कशाला बोला.

झाडे संपली की नेजांगसा विहार येतो. ‘सा’ म्हणजे विहार. इ.स. ६३६ मध्ये तो स्थापन झाला असे परंपरा सांगते. पण जुने लाकूड तिथे शोधू नका. १९५१ साली युद्धात तो जळाला. पुन्हा बांधला. २०१२ मध्ये मुख्य बुद्धमंदिर जळाले. २०१५ मध्ये परत उभे केले. आणि मार्च २०२१ मध्ये ते पुन्हा जळाले. या वेळी आग लावणारा कोणी शत्रू नव्हता, तिथेच राहणारा एक भिक्खू होता. आपसातल्या भांडणाचा राग त्याने मंदिरावर काढला. त्या जागेपाशी आम्ही उभे राहिलो तेव्हा कोणीच काही बोलेना. समित्यांमधली भांडणे आपण काय कमी पाहिलीत?

पण बंधूंनो, त्याच डोंगराने एक गोष्ट वाचवलीही आहे. कोरियाच्या राजवटीचा इतिहास तिथले लेखनिक रोजच्या रोज टिपून ठेवत. त्यांनी काय लिहिले ते खुद्द राजालाही वाचायची मुभा नव्हती. त्या ग्रंथांच्या चार प्रती चार गावांत ठेवलेल्या होत्या. १५९२ साली जपानने स्वारी केली आणि तीन प्रती जळून खाक झाल्या. उरली ती जोंजू गावची. आन उई आणि सोन होंगनोक हे दोघे त्या भागातले पंडित, वयाने आमच्यासारखेच, किंबहुना थोरले. त्यांनी पदरचे पैसे घातले, माणसे जमवली आणि ग्रंथांच्या पेट्या या डोंगराच्या कपारीत आणून ठेवल्या. मग वर्षभराहून जास्त काळ आळीपाळीने पहारा दिला. कोणत्या दिवशी पहाऱ्याला कोण होते, त्याचीही नोंद लिहून ठेवली. आपण पाळी लावतो ना, अगदी तसे!

डोंगरातले भिक्खूही त्यांच्या मदतीला होते. आणि त्या काळी त्या राज्यात भिक्खूंना हलक्या लोकांत धरत. राज्याने ज्यांना खाली लोटले, त्यांनीच राज्याचा इतिहास राखला. हे ऐकून आमच्या अंगावर काटा आला.

लाकडी पायऱ्या चढून आम्ही त्या जागेपर्यंत गेलो. गुडघे बोलत होते, पण मन दुसरीकडेच होते. आपल्या विहाराची पत्र्याची पेटी तुम्हाला आठवत असेल. तिच्यात पहिली वर्गणी वही होती. चार-चार आणे देणाऱ्यांची नावे, आणि ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे. एका पावसाळ्यात छत गळाले आणि त्या वहीचा लगदा झाला. पेटीची चावी आमच्याकडे होती. आम्ही दोन महिने पेटी उघडलीच नाही. आज जाहीरपणे सांगतो, ती चूक आमची.

विहार जळाला तर पुन्हा बांधता येतो, नेजांगसाच्या लोकांनी तो बांधून दाखवला. अंगठा मात्र पुन्हा उठवता येत नाही. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी राजगृह बांधले, आणि आम्ही एक वही सांभाळली नाही.

कोरियाने त्या एका प्रतीवरून पुन्हा प्रती छापल्या आणि वेगवेगळ्या डोंगरांवर नेऊन ठेवल्या. १९९७ साली युनेस्कोने त्या ग्रंथांना जागतिक ठेवा म्हणून मान्यता दिली. आपणही तेच करू. वस्तीतल्या ज्या आजी-आजोबांना त्या वहीतली नावे आठवतात, त्यांच्याकडे या रविवारपासून बसू. मुलांनी लिहायचे, मोठ्यांनी तपासायचे. घरातली जुनी पत्रे, १९५६ च्या दीक्षेचे फोटो असतील तर तेही आणा. सगळ्याच्या चार प्रती काढू आणि चार वेगळ्या घरांत ठेवू. एक प्रत आम्ही मागत नाही, चावीही मागत नाही. पहिल्या पाळीला लिहायला बसायची परवानगी तेवढी द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!