चिमटीचे बळ
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



मराठीत ‘चिमूटभर’ म्हटले की अल्पत्वाचा बोध होतो. चिमूटभर मीठ, चिमूटभर हळद. चिमटीतून रांगोळी सुटते, सुईत दोरा ओवला जातो. अंगठा आणि बोटे यांच्यातील ही पकड नाजूक कामांपुरतीच असावी, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु शक्तीचे उपासक याच चिमटीने लोखंड उचलतात आणि त्यातील कोणता प्रकार अधिक अवघड, याचा काथ्याकूटही करतात. हा वाद वरकरणी पहिलवानी वाटला, तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न शाळेच्या अगदी जवळचा आहे. अवघडपणा मोजायचा कशाने?

मुठीत धरलेली कांब बोटांच्या आकड्यात अडकलेली असते. चिमटीत तसा आधार नसतो. वस्तूच्या दोन बाजूंवर समोरासमोरून दाब द्यायचा आणि त्यातून निर्माण होणाऱ्या घर्षणावर सारा भार तोलायचा, एवढेच हाती असते. येथे भौतिकशास्त्रातील साधे गणित उपयोगी पडते. घर्षणांक ०.५ असेल, तर २० किलोची वस्तू धरण्यासाठी प्रत्येक बाजूने किमान २० किलो भाराइतका दाब द्यावा लागतो. पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने घर्षणांक ०.२५ वर आला, तर तीच वस्तू ४० किलोचा दाब मागते. वजन तेच राहिले, श्रम मात्र दुप्पट झाले. तालमीतील मल्ल हातांना माती चोळतो आणि भारोत्तोलक मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड लावतो, ते हात घामाने निसटू नयेत म्हणूनच.

या प्रकारांची परंपरा अमेरिकेतील व्यायामशाळांत विशेष रुजली. तेथील लोखंडी चकत्या पौंडांत असतात. ४५ पौंडांच्या दोन चकत्या, गुळगुळीत बाजू बाहेर ठेवून, एकमेकींना चिकटवून एका हाताच्या चिमटीने उचलणे हा तेथील मानाचा पराक्रम. एकूण भार ९० पौंड, म्हणजे सुमारे ४१ किलो. ३५ पौंडांच्या दोन चकत्या ही त्याच्या अलीकडची पायरी. भार सुमारे ३२ किलो. आता १० पौंडांच्या पाच चकत्यांची चळत घ्यावी. तिचा भार अवघा ५० पौंड, म्हणजे सुमारे २३ किलो. आकड्यांवर विसंबणारा माणूस ही चळत सर्वांत सोपी ठरवील. प्रत्यक्षात मात्र चळत जाड असल्यामुळे अंगठा बराच फाकवावा लागतो. शिवाय मधल्या चकत्यांना बोटांचा स्पर्शही नसतो; त्या केवळ शेजारच्या चकत्यांच्या दाबावर तगून असतात. दाब किंचित ढळला, की मधलीच एखादी खाली घसरते.

याहून बोलके उदाहरण ‘ब्लॉब’चे. अमेरिकेतील यॉर्क कंपनीच्या १०० पौंडी जुन्या डंबेलचे एका बाजूचे डोके वेगळे केले, की जो ओबडधोबड गोळा उरतो, त्याला हे नाव पडले. रिचर्ड सोरिन या बलोपासकाने तो उचलून प्रसिद्धीस आणला. भार सुमारे ५० पौंडच. पण त्याची रुंदी अशी, की लहान पंजाच्या बलवान माणसालाही तो दाद देत नाही. तिसरा प्रकार चकतीच्या मधोमध उंचावलेल्या कड्याचा. तेथे बोटांची केवळ टोके टेकतात. म्हणून ४५ पौंडांची एकच चकती त्या कड्याने उचलणेही मोठे मानले जाते.

मग यांतील सर्वांत अवघड कोणता? याचे उत्तर हातागणिक बदलते. अंगठ्याला तळव्याकडे ओढणारा स्नायू अंगठा फार मिटलेला किंवा फार फाकलेला असताना आपले पूर्ण बळ लावू शकत नाही. प्रत्येक पंजाला सोयीची अशी एक रुंदी असते. ब्लॉब सहज उचलणारा लांब बोटांचा माणूस अरुंद ठोकळ्यावर अडखळू शकतो; आखूड बोटांच्या माणसाचे नेमके उलट होते. म्हणूनच पकडीच्या स्पर्धांत दोन हातांच्या चिमटीसाठी जे साधन वापरतात, त्याची रुंदी ठरावीक मर्यादेत कमी-अधिक करता येते. स्पर्धक आपल्या पंजाला मानवेल ती रुंदी निवडतो आणि मगच भारांची तुलना होते. न्याय्य स्पर्धा याला म्हणावे.

वैद्यकशास्त्रही हाच विवेक पाळते. चिमटीचे बळ मोजताना किल्ली धरण्याची पकड, अंगठा व दोन बोटांची पकड आणि केवळ टोकांची पकड यांची नोंद वेगवेगळी ठेवतात. कारण किल्लीच्या पकडीपेक्षा टोकांची पकड बरीच दुबळी असते. एकीचे मोजमाप दुसरीला लावले, तर निरोगी हातही अधू ठरेल.

हे सारे लोखंडापुरते असते, तर शाळेच्या व्यासपीठावर त्याचे प्रयोजन नव्हते. परंतु पहिलीच्या वर्गातील बालकाच्या हाती पेन्सिल येते, तीही चिमटीतच. त्या चिमुकल्या हाताचे स्नायू अजून घडत असतात. घरी वेगळी भाषा, रस्त्यावर वेगळी आणि वर्गात मराठी, असा भार वाहणारे ते मूल अक्षर वेडेवाकडे काढते, तेव्हा त्याच्यावर आळशीपणाचा शिक्का मारणे म्हणजे रुंदी न पाहता वजन वाचणे होय. कणीक मळणे, मातीची खेळणी करणे, रांगोळी घालणे, मणी ओवणे यांतून ते बळ हळूहळू येते. त्यासाठी शिक्षेची गरज नसते, अवधीची असते.

विद्यार्थी मित्रांना एक सूचना. चिमटीचा व्यायाम करावयाचा असल्यास लाकडी ठोकळ्यापासून, हलक्या भाराने आणि जाणत्याच्या देखरेखीखाली आरंभ करावा. वस्तू जमिनीपासून वीतभरच उचलावी आणि पाय तिच्याखाली ठेवू नयेत. निसटणे हा या पकडीचा स्वभावच आहे.

गुणपत्रिकेवरील आकडा खोटा नसतो, चकतीवरचाही नसतो. मात्र भार किती होता याबरोबरच तो कोणत्या हाताने, किती रुंदीचा आणि किती निसरडा असताना उचलला, हेही विचारणारी शाळाच मुलांचे खरे मोल जाणते. हीरक महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी ती दृष्टी प्रत्येक वर्गात नांदो, हीच सदिच्छा.