ताप मॅनिफोल्डला, दुखणे पॉइंटला
आपल्या कामरेजच्याच एका स्नेह्यांनी वडिलांची जुनी एमजीबी सांभाळली आहे. हायवेवर जळका वास आला. बॉनेट उघडले तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लाल! टेंपरेचरचा काटा मात्र जागेवर. या गाडीत दोन्ही कार्बोरेटर मॅनिफोल्डच्या वरच असतात. पेट्रोल गळले तर आगच.

सगळे म्हणाले, मॅनिफोल्ड बदला. आम्ही आधी टायमिंग पाहिले. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची टाच झिजून गॅप कमी झाली होती. त्यामुळे ठिणगी उशिरा पडते, पेट्रोल जळत असतानाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि जाळ मॅनिफोल्डमध्ये शिरतो. गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवून टायमिंग बांधले, लाली गेली. नाहीतर पुढे हवेची गळती, पेट्रोल कमी पडणे आणि तुंबलेला सायलेन्सर तपासायचा होता.

तापल्या जागी हातोडा नको. आधी कारण शोधा. गणपती बाप्पा मोरया!